पडत राहिल्याबद्दल दिलगिरी

साकोदासान संत्रं एका दमात सोलायचे. साल मध्येच तुटली तर ते संत्रं दुसऱ्याला देऊन टाकायचे. दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचे, डाव्यावर गावाची वेळ आणि उजव्यावर ग्रीनिचची. कुणी वेळ विचारली की आधी उजवं बघायचे, मग जीभ चावून डावं. फोनवर प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबायचे, पलीकडचं उत्तर अजून समुद्र ओलांडतंय अशा बेताने. पेल्यात आधी गरम पाणी ओतायचे आणि मग शोचूची दारू. उलट करणाऱ्याशी दोन दिवस बोलायचे नाहीत. ज्वालामुखीची राख पडली की स्वतःचं डोकं झटकण्याआधी टेकडीवरची अँटेनाची तबकडी पुसायचे. शिक्का डावीकडे कलता मारायचे, कारण डावीकडच्या चौकटीत वरिष्ठाचा शिक्का असतो आणि आपला त्याच्यापुढे वाकलेला दिसला पाहिजे, अशी हाएनोउरा नगरपालिकेची रीत होती. आणि उत्तरेच्या डोंगरामागून उपग्रह वर आला की कानाला ऐकण्याची यंत्रं लावून म्हणायचे, “दमलात ना? या.”

उपग्रहाला ते अहोजाहो करायचे. फुमिनोला मात्र पहिल्या दिवसापासून अगंतुगं.

फुमिनो कुरोकी फुकुओकाच्या विद्यापीठात साहित्य शिकली होती. तिने गावच्या वाचनालयात नोकरीचा अर्ज केला होता. वाचनालयात जागा नव्हती. नेमणुका करणाऱ्या कारकुनाने तिच्या अर्जात ‘छंद: वाचन’ असं पाहिलं आणि म्हणाला, “आकाशातूनही बरंच काही वाचायला येतं म्हणे.” अशा रीतीने ती ‘अंतराळ आणि मत्स्य विभागा’त आली. विभागात माणसं तीन. एक विभागप्रमुख, जो दर दोन-तीन वर्षांनी बदलून जायचा. दुसरी फुमिनो. तिसरे साकोदासान, सदुसष्ट वर्षांचे, निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या करारावर ठेवलेले. काम तेवढं त्यांना येत होतं.

त्याआधी सव्वीस वर्षं ते दूरच्या समुद्रातल्या मासेमारी जहाजांवर बिनतारी संदेश पाठवणारे होते. गावातले कोळी त्यांना अजून तारमास्तर म्हणायचे. जहाजांना तारमास्तरांची गरज उरली नाही तेव्हा ते किनाऱ्यावर आले. तंत्रशाळेने टेकडीवर तबकडी बसवली होती. तिच्यावरची राख झाडायला माणूस हवा होता. साकोदासान झाडू घेऊन गेले आणि तिथेच राहिले. पुढे गावाने तंत्रशाळेच्या मुलांकडून स्वतःचा उपग्रह बनवून घेतला. भाताच्या कुकरएवढा. नाव ठेवलं ‘किबिनागो’, इथल्या बोटभर लांबीच्या चंदेरी मासळीवरून. तो वर गेला आणि त्याचा आवाज कुणालाच ओळखू येईना. खरखर, खरखर आणि खरखर. साकोदासान झाडू खाली ठेवून म्हणाले, “हा काय, बोलतोय की.”

किबिनागो रोज सकाळी सव्वादहाच्या सुमाराला गावावरून जायचा. आठ मिनिटं दिसायचा. तेवढ्यात आदल्या दिवशी टिपलेल्या समुद्राच्या रंगाची चित्रं खाली टाकायचा. उबदार प्रवाह कुठे वळलाय ते त्यावरून कळायचं, आणि प्रवाह जिथे वळतो तिथे कुपा मासा असतो. अकरा वाजता तांडेल इमाकिइरे धक्क्यावरून फोन करायचे.

“तारमास्तर, आज कुपा कुठं बसलाय?”

“बसत नाही तो, तांडेल. बेटाच्या पूर्वेला बारा मैल. पळा.”

गावाला उपग्रहाकडून एवढंच हवं होतं, आणि ते सात वर्षं मिळत होतं.

एकच अडचण होती. इतक्या उंचावर हवा नसते असं लोक म्हणतात, पण असते, अगदी विरळ. किबिनागो तिला घासत जायचा आणि दर फेरीला चिमूटभर उंची गमवायचा. म्हणून वर्षातून दोन-तीनदा त्याच्या टाकीतला थोडा वायू मागच्या बाजूने सोडायचा आणि त्याला पुढे ढकलायचं. एवढ्याशा फुंकरीसाठी एक अर्ज असायचा. अर्जाखाली सात चौकटी, सात शिक्के. सात वर्षांत असे सतरा अर्ज झाले. सतराही वेळा सात जणांनी न वाचता शिक्के मारले आणि उपग्रह व्यवस्थित वर राहिला.

मग मात्सुझोनोसाहेब विभागप्रमुख म्हणून आले.

ते सांडपाणी विभागातून आले होते. प्रामाणिक गृहस्थ. पेन्सिलला टोक करून मगच बोलायला बसायचे. जानेवारीत साकोदासाननी अठरावा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्या वर्षी सूर्यावर उलथापालथ चालली होती, त्याने वरची हवा फुगली होती आणि किबिनागो नेहमीपेक्षा लवकर खाली येत होता. सहा मार्चच्या आत ढकललं नाही तर टाकीतला सगळा वायू सोडूनही तो पुन्हा वर चढणार नव्हता. खाली हवा दाट होत जाते, म्हणून त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तो जळून गेला असता. साकोदासाननी हे सगळं अर्जात लिहिलं होतं.

साहेबांनी अर्ज वाचला. हेच पहिलं संकट.

“साकोदासान, मला यातलं काही कळलेलं नाही. न कळलेल्या कागदावर मी शिक्का मारत नाही. सांडपाण्यातही कधी मारला नाही.”

साकोदासानचे डोळे चमकले. फुमिनोने त्यांना इतकं आनंदलेलं पाहिलं नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

“साहेब, टेकडीवर चला. संत्री घेऊन जाऊ.”

टेकडीवर वारा होता. खाली मुळ्याचं शेत आणि त्यापलीकडे समुद्र. साहेबांनी वही उघडली.

“हा उपग्रह कशावर टेकलाय?”

“कशावरच नाही.”

“टांगलाय?”

“कशाला टांगणार?”

“मग त्याचं इंजिन सारखं चालू असणार.”

“बंद असतं, साहेब. वर्षातून दोन-तीन फुंकरी, बस.”

“मग तो पडत का नाही?”

“पडतोय की,” साकोदासान म्हणाले आणि त्यांनी एक संत्रं अलगद फेकलं. ते चार पावलांवर पडलं. दुसरं जोरात फेकलं. ते मुळ्याच्या शेतात गेलं. शेतातून एक बाई ओरडली, “कोण आहे रे तिकडे?” साकोदासाननी वाकून माफी मागितली आणि पुढे बोलू लागले. “जेवढ्या जोरात फेकाल तेवढं लांब जाऊन पडेल. बरोबर? आता माझ्या अंगात राक्षसाचा जोर आहे असं धरा. संत्रं समुद्रापार गेलं. पण जमीन सपाट नाही, गोल आहे. संत्रं खाली येतंय, तशी जमीनही खाली वळतेय. किबिनागो सेकंदाला साडेसात किलोमीटर पुढे पळतो. त्याच एका सेकंदात चार मीटर आणि वर वीतभर खाली पडतो. आणि तेवढ्याच अंतरात पृथ्वी किती वळते? चार मीटर आणि वर वीतभर.”

साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले.

“म्हणजे तो पडतोय, पण पडायला जमीन सापडत नाही.”

“साहेब!”

“आणि वेगाने पुढे गेला नाही तर सरळ खाली येईल.”

“साहेब, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं!”

“आणि एवढा उंच कशाला नेलाय? इथूनच का नाही फेकत?”

“इथे हवा दाट. संत्र्याचा मुरंबा होईल.”

दोघं हसले. फुमिनोही हसली. साकोदासाननी तिसरं संत्रं सोलून अर्धं साहेबांना दिलं. साहेबांनी एक फोड तोंडात टाकली, आणि मग चघळणं थांबवलं.

“कधीपासून पडतोय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“सात वर्षं?”

“सात वर्षं आणि तीन महिने.”

“याची नोंद कुठे आहे?”

“कशाची, साहेब?”

“पडल्याची.” साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “साकोदासान, सांडपाण्याची नळी वीतभर खचली तरी चोवीस तासांत वर कळवावं लागतं. इथे गावाची मालमत्ता सात वर्षं सतत पडतेय, आणि कुणाला कळवलेलं नाही?”

“कळवण्यासारखं काही नाही त्यात. पडतोय म्हणून तर वर आहे.”

“हे तुम्ही मला सांगताय. मला कळलंय. पण उद्या कुणी विचारलं, तर मी हे सांगू?”

त्यांना खरंच कळलं होतं. साकोदासान पुढे अनेकदा म्हणायचे, “अगं, न कळलेला साहेब परवडतो. अर्ध्यावर कळून घाबरलेला परवडत नाही.”

दुपारपर्यंत गोष्ट नगराध्यक्षांकडे गेली. नगराध्यक्ष अनुभवी होते. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. पत्रकारांना केव्हा बोलवायचं, एवढंच विचारलं. आधी माफी मागायची, समजून नंतर घ्यायचं. या क्रमात कधी धोका नसतो. माफीचं निवेदन लिहायचं काम फुमिनोवर आलं, कारण ती साहित्य शिकलेली होती.

“मी काय लिहू?” तिने साकोदासानना विचारलं.

“खरं लिही.”

“खरं लिहिलं तर माफी कशाची मागायची?”

“ते तू बघ बाई. माझा विषय उंची.”

तिने लिहिलं: ‘हाएनोउरा गावाचा उपग्रह गेली सात वर्षं अखंड पडत असून, याबद्दल नागरिकांना वेळेवर माहिती देण्यात आली नाही, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. नगराध्यक्षांना ‘अखंड’ फार आवडला.

वाकण्याची तालीम सभागृहात झाली. नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, मात्सुझोनोसाहेब आणि शेवटी साकोदासान. आठ सेकंद. फुमिनोने घड्याळ लावलं. उपनगराध्यक्ष सहाव्या सेकंदाला वर यायचे, त्यांची कंबर दुखायची. चार वेळा केल्यावर सगळे एकदम वर आले.

“जमलं,” नगराध्यक्ष म्हणाले. “आता प्रश्नांना भ्यायचं कारण नाही.”

पत्रकार चार आले. तिघांनी वाकण्याचे फोटो घेतले. चौथी एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, “हे धोकादायक आहे का? असं आणखी काही पडतंय का?”

नगराध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी साकोदासानकडे.

“चंद्र,” साकोदासान म्हणाले.

“चंद्र?”

“तोही पडतोय. याच पद्धतीने. फार जुनं आहे ते.”

त्या संध्याकाळी बातमीचा मथळा काय होता ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून विभागातला फोन वाजत होता. सगळे फोन चंद्राबद्दल. मात्सुझोनोसाहेबांनी नियम तपासून फुमिनोला उत्तर लिहून दिलं: ‘चंद्र नगरपालिकेच्या अखत्यारीत येत नाही. कृपया प्रांत कार्यालयाशी संपर्क साधावा.’

“अहो, पण आमच्या अंगणातून दिसतो ना तो,” एक आजी म्हणाल्या.

“दिसतो खरा, पण आमच्याकडे त्याची नोंद नाही.”

“मग पडला तर नववर्षाच्या दिवशी पडू देऊ नका. नातवंडं येतात.”

फुमिनोने ते वहीत टिपून घेतलं. टिपून घेणं सक्तीचं होतं.

आठवड्याभरात चौकशी समिती बसली. पाच माणसं: निवृत्त मुख्याध्यापक, वकील, देवळाचे पुजारी, फुलांची आरास शिकवणाऱ्या बाई आणि तज्ज्ञ म्हणून एक अभियंता. अभियंता पुलांचा होता, पण गावात दुसरा नव्हता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “याचे खांब किती?” समितीचा अहवाल मार्चअखेर येणार होता. तोपर्यंत उपग्रहाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. ज्याची चौकशी चालू आहे त्यात बदल करायचा नसतो.

अठरावा अर्ज मात्सुझोनोसाहेबांच्या टेबलावर तसाच पडून राहिला. सातही चौकटी कोऱ्या.

साकोदासान रोज सव्वादहाला टेकडीवर जात. आठ मिनिटं ऐकत. खाली येऊन भिंतीवरच्या कागदावर त्या दिवशीची उंची लिहीत. आकडे रोज दोनशे मीटरने खाली येत होते. फेब्रुवारीच्या मध्याला तांडेल इमाकिइरे स्वतः कार्यालयात आले. गमबूट घालूनच.

“काय हो साहेब, तो पडतोय म्हणून तुम्ही माफी मागितलीत. आता खरंच पाडताय म्हणून कोण मागणार?”

“समितीचं काम चालू आहे,” साहेब म्हणाले.

“चालू असू द्या. आम्हीही समुद्रात चालू असतो. कुपा समितीसाठी थांबत नाही.”

साहेब लालबुंद झाले. वाईट माणूस नव्हता तो. त्या संध्याकाळी त्यांनी साकोदासानना जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“एक मार्ग आहे. तुम्ही एक ओळ लिहून द्या: ‘उपग्रह पडत नाही, आधी तसं म्हटलं ते चुकून.’ चौकशीच संपते. मी लगेच शिक्का मारतो. बाकीचे सहा उद्या.”

फुमिनो शेजारच्या टेबलावर होती. तिला वाटलं, साकोदासान आता हो म्हणतील. एक ओळ तर होती. आणि ती न लिहिली तर उपग्रह जाणार होता.

“साहेब, जहाजावर असताना एकदा कप्तान म्हणाला, नोंदवहीत आपली जागा थोडी सरकवून लिही. परक्या हद्दीत गेलो होतो.”

“मग?”

“नाही लिहिली. वहीत चुकीची जागा लिहिली की उद्या शोधायला येणारे चुकीच्या पाण्यात शोधतात. तो पडतोय, साहेब. उद्या तुमच्या जागी जो येईल त्याने ‘पडत नाही’ असं वाचलं, तर तो ढकलेल कशाला?”

“पण आज ढकललं नाही तर उद्या वाचायलाच काही उरणार नाही!”

“ते मलाही कळतंय,” साकोदासान म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते तबकडी न पुसता घरी गेले.

फुमिनोने त्या रात्री काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, भाताचे गोळे खाता खाता, तिने समितीची नियमावली वाचायला घेतली. कुणीच न वाचलेलं वाचण्याची तिला सवय होती. साहित्यात चार वर्षं तेच केलं होतं. नववा नियम असा होता: ‘चौकशीचा विषय असलेली वस्तू चौकशी संपेपर्यंत आहे त्या स्थितीत जपण्याची जबाबदारी विभागाची राहील.’

आहे त्या स्थितीत. तिने भिंतीवरचा उंचीचा कागद काढला आणि हुकूम निघाला त्या दिवसाच्या आकड्याभोवती लाल गोल केला. मग एक परिच्छेद लिहिला. चार वाक्यांचा. तो साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी एकदा वाचला. पेन्सिलला टोक केलं आणि पुन्हा वाचला.

“म्हणजे पुरावा रोज दोनशे मीटर नष्ट होतोय?”

“हो.”

“आमच्या ताब्यात असताना?”

“हो साहेब. आणि ढकलल्याशिवाय तो आहे त्या स्थितीत राहू शकत नाही.”

“हे मला आत्ता सांगताय?” साहेब उठून उभे राहिले. “याची नोंद कुठे आहे?”

सात शिक्के तीन तासांत पडले. उपनगराध्यक्ष कंबरदुखीसाठी गरम झऱ्यावर गेले होते. साहेब गाडी काढून तिथे गेले आणि त्यांनी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतल्या वरिष्ठाकडून शिक्का आणला. कागदाचा कोपरा ओला होता.

साकोदासाननी तो कागद सावकाश वाचला.

“खोटं काही नाही ना यात?”

“एक शब्दही नाही. ‘पडत असलेला उपग्रह’ असंच लिहिलंय. दोनदा.”

“मग वाचताना असं गुदगुल्या झाल्यासारखं का होतंय?”

“खरं लिहिलंय म्हणून,” फुमिनो म्हणाली.

पाच मार्चला, बुधवारी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी किबिनागो डोंगरामागून वर आला. मात्सुझोनोसाहेबही टेकडीवर आले होते. कोट घालून, ताठ उभे होते. साकोदासाननी एक कळ दाबली. बाकी काही झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. चारशे सत्तर किलोमीटरवर एक कुकर क्षणभर फुंकरला आणि दक्षिणेच्या समुद्राकडे निघून गेला.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“उद्या कळेल.”

दुसऱ्या दिवशी पंचवीस किलोमीटर वाढले होते. साकोदासाननी भिंतीवर आकडा लिहिला. मग साहेबांना म्हणाले, “यात एक गंमत आहे. पुढे ढकलला की तो वर जातो. आणि वर गेला की आधीपेक्षा हळू चालतो.”

“त्यात गंमत कसली,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “नगरपालिकेत सगळ्यांचं तसंच होतं.”

समितीचा अहवाल वीस मार्चला आला, मुदतीच्या आधी. निष्कर्ष तीन होते. उपग्रह पडत होता. उपग्रह अजून पडत आहे. मात्र विभागाने वेळेवर केलेल्या उपाययोजनेमुळे तो आता योग्य प्रकारे पडत आहे. पुलांच्या अभियंत्याने खांब नसल्याबद्दल स्वतंत्र टिपण जोडलं होतं. दोष कुणाचाही नव्हता. मात्सुझोनोसाहेबांना प्रकरण उत्तम हाताळल्याबद्दल प्रांत कार्यालयात बढती मिळाली. एक एप्रिलला ते जाणार होते. त्यांच्या जागी वनविभागातले कुणी येणार होते.

अहवालाच्या शेवटी एक शिफारस होती. ‘उपग्रह वर कसा राहतो, हे कोणत्याही नव्या विभागप्रमुखाला न दचकता समजेल असं एक पानी टिपण तयार करावं. लेखक: साकोदा. मुदत: एकतीस मार्च.’ त्यांचा करारही त्याच दिवशी संपत होता. या वर्षी तो वाढवणार नव्हते.

“एक पान?” साकोदासान म्हणाले. “सात वर्षं बोलतोय मी. एक पान तर मी शिंकताना भरतो.”

पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात दोन जहाजं, एक वादळ आणि लास पाल्मास बंदरातला एक खानावळवाला आला होता. फुमिनोने निळ्या पेन्सिलीने खानावळवाला काढला.

“अगं, त्याच्याकडेच मला पहिल्यांदा कळलं हे सगळं. तो टेबलावर थाळी फिरवायचा—”

“वनविभागाच्या साहेबांना थाळी कशाला?”

“मग वादळ तरी राहू दे.”

“वादळही नको.”

“तू निर्दय आहेस. पुस्तकं वाचून माणूस असा होतो का?”

रोज दुपारी ते नवा मसुदा आणायचे. आठ पानं, पाच, तीन. भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं. फुमिनोचं म्हणणं, ‘पडतोय’ पहिल्याच वाक्यात नको, साहेब लोक तिथेच थांबतात. साकोदासानचं म्हणणं, पहिल्याच वाक्यात हवं. उशिरा कळलं की माफी मागावी लागते.

“आणि घाबरले तर?”

“तर घाबरायचं केव्हा आणि केव्हा नाही, ते खाली लिहितो ना. तेच तर अवघड आहे. बाकीचं सगळं संत्र्याने जमतं.”

सव्वीस मार्चला ते म्हणाले, “एकच वाक्य राहिलंय. उद्या आणतो.”

सत्तावीसला नऊ वाजले तरी ते आले नाहीत. सव्वानऊला तांडेल इमाकिइरेंचा फोन आला. ते नेहमीसारखे मोठ्याने बोलत नव्हते. साकोदासान धक्क्यावर लिलावाच्या फळीवर बसले होते. चहा मागवला होता. चहा आला तेव्हा ते गेलेले होते. फळीवर मासळीच्या पेट्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

फुमिनोने फोन ठेवला. मात्सुझोनोसाहेबांना सांगितलं. साहेब उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. मग म्हणाले, करार एकतीसपर्यंत होता, मधल्या चार दिवसांचा कुठला अर्ज असतो ते बघावं लागेल. ते पुन्हा खिडकीपाशी गेले. फुमिनो अर्ज शोधत राहिली. असा अर्ज नव्हता. तिने सगळे खण उघडून पाहिले.

टिपण तांडेलांनी आणून दिलं. साकोदासानच्या कोटाच्या आतल्या खिशात, चार घड्या घातलेलं. मासळीचा वास होता त्याला. पेन्सिलीने लिहिलेलं, एकच पान.

एक एप्रिलला वनविभागातले नवे साहेब आले. त्यांनी टेबलावर कोट ठेवला आणि विचारलं, “ते एक पानी टिपण आहे म्हणे?” फुमिनोने ते पुढे केलं. तिने त्यात काही घातलं नव्हतं, काही काढलंही नव्हतं. तीन दिवस ती शेवटचं वाक्य पुरं करायला बसली होती. तिला जमलं नव्हतं.

पानावर असं होतं:

‘उपग्रह वर कसा राहतो.

तो पडत आहे. पहिल्या दिवसापासून पडत आहे. त्याच वेळी तो पुढेही पळत आहे, आणि जेवढा तो खाली येतो तेवढीच पृथ्वी त्याच्याखालून वळते. म्हणून तो पोहोचत नाही. त्याला कुणी धरलेलं नाही. धरायची गरज नाही. हवा त्याची उंची थोडी थोडी खाते. ती वर्षातून दोन-तीनदा परत द्यावी. सोबत अर्जाचा नमुना. तो पडतो आहे म्हणून घाबरू नये. घाबरायचं ते तेव्हा, जेव्हा’

त्याखाली दीड ओळीची जागा मोकळी होती.